पहाटे कोण उठलं?

काकी जानेवारीत डोळे तपासायला पेडण्याहून म्हापशाला आल्या होत्या, उशीर झाला म्हणून रात्री आमच्याकडेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. आठच्या सुमाराला सगळे टेबलाशी जमले, मी स्लो कुकरचं, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचं झाकण काढलं, आत पावाचं गोड, आणि वेलची, माडाचा गूळ आणि लोण्यात भाजल्या गेलेल्या पावाचा वास एकदम घरभर सुटला, मुलगा ताटली घेऊन आधीच उभा. काकींना मी मुद्दाम कडेचा तुकडा वाढला कारण कडेला गूळ जरासा खरपूस होऊन चिकट झालेला असतो आणि तीच जागा सगळ्यात चांगली लागते. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "पहाटेचा कोण उठला गो?" मी म्हटलं, कोणी नाही काकी, रात्रीच लावून झोपले, मी आत्ता सातला उठले. त्यांनी चमचा खाली ठेवला. "मगे ह्यां शिजलां कसां?" मी त्यांना कुकर दाखवला, बटण दाखवलं, काचेच्या झाकणातून आत बघायला लावलं, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणखी एक तुकडा मागून घेतला. पण त्यानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि ते गप्प राहणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

नापसंती नव्हती ती. नापसंती असती तर काकी तोंडावर बोलल्या असत्या, तो त्यांचा स्वभावच आहे. मला वाटतं त्यांच्या डोक्यात हिशोब चालू होता. गरम आणि गोड काहीतरी सकाळी टेबलावर आलंय म्हणजे घरातली कुठलीतरी बाई अंधारात उठलेली असणार, हे त्यांनी आयुष्यभर धरून चाललेलं गणित. त्यातली ती बाई बहुतेक वेळा त्याच होत्या.

पेडण्याच्या घरात काकींची चूल पहाटे चारला पेटायची. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा सणावाराला तिकडे राहायचो, मी सहाला उठून स्वयंपाकघरात गेले की आधीच सगळं झालेलं असायचं आणि मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांची तवसाळी, म्हणजे काकडीचं भाजलेलं गोड, तर मी जन्मात विसरणार नाही. पावसाळ्यात मांडवावरचं तवसं, म्हणजे मोठी काकडी, पिकून पिवळं पडलं की ते किसायचं, किसाचं पाणी फेकायचं नाही, त्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, आणि पातेल्याच्या तळाला हळदीची पानं. मग पातेलं मंद निखाऱ्यावर, आणि झाकणावर पण निखारे. खालून आच, वरून आच. त्या मधेमधे हाताचा तळवा झाकणापासून वीतभर वर धरायच्या आणि आच कळली की एखादा निखारा चिमट्याने उचलून बाजूला घ्यायच्या किंवा एक नवीन ठेवायच्या, घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, नुसता तळवा. त्या तळव्याचं मला तेव्हाही नवल वाटायचं आणि आताही वाटतं. पण त्या तळव्यासाठी दीड-दोन तास चुलीपुढे बसून राहायला लागायचं, धूर डोळ्यात घेत, हे मी तेव्हा बघूनही बघितलं नव्हतं. आणि आता त्याच डोळ्यांच्या तपासणीसाठी त्या म्हापशाला आलेल्या. धुराचा आणि मोतीबिंदूचा संबंध डॉक्टर लावतात, काकी लावत नाहीत, त्या म्हणतात वय झालं.

स्लो कुकर आमच्याकडे मस्कतहून आला. जाऊबाई सुट्टीला येताना घेऊन आल्या, तो जाडजूड तीन चौकोनी पायांचा प्लग, त्याला इथे अडॉप्टर लागतो. बाहेर एक पत्र्याचा अंडाकृती डबा, आत जड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण, आणि बटणं चारच, लो, हाय, वॉर्म आणि टायमर. बास. प्रेशर कुकरवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते यंत्र आधी पटतच नाही. आपल्याला शिट्टी लागते. शिट्टी म्हणजे काहीतरी होतंय, तीन झाल्या म्हणजे भात झाला, पाच झाल्या म्हणजे डाळ. हा कुकर तासन्‌तास काहीच बोलत नाही, हात लावला तर बाहेरून गरम लागतो एवढंच. साधारण २०० ते २५० वॅट खातो, म्हणजे गिझरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि रात्री चार तास चालला तरी एक युनिट म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याची तार तळाला कमी आणि भोवतालच्या भिंतीत जास्त असते त्यामुळे आच कडेकडून आत शिरते, तळाशी लागत नाही, ढवळायला लागत नाही. लो काय आणि हाय काय, शेवटी दोन्ही उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतात, फरक फक्त तिथे पोचायला किती वेळ घेतात त्याचा.

पावाचं हे गोड मूळ अमेरिकेतलं. तिकडे ख्रिसमसच्या सकाळी ब्रेकफास्ट कॅसरोल करायची पद्धत आहे, आदल्या रात्री शिळ्या ब्रेडचे तुकडे अंडी-दुधात भिजत घालायचे, दालचिनी साखर घालायची आणि सकाळी ओव्हनला लावायचं किंवा रात्रीच स्लो कुकरला, म्हणजे पोरं भेटवस्तू उघडत असताना आई स्वयंपाकघरात अडकत नाही. जाऊबाईंना मस्कतमध्ये ऑफिसातल्या कोणी शिकवलं, त्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि मी ते ऐकताना पहिला विचार हा केला की अरे, शिळा पाव तर गोव्यात रोजच उरतो.

माझं माहेर कोल्हापूर. आमच्याकडे पाव म्हणजे मिसळीबरोबर, तो पण दुकानातून. गोव्यात आल्यावर मला कळलं की पावाला पण घराणी असतात. सकाळी सहा-सव्वासहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, आणि तुम्ही काय घेता त्यावरून त्याला तुमच्या घराची माहिती असते. साधा मऊ पाव, फुलपाखरासारखा कापलेला कातरे पाव, बाहेरून कडक आणि आतून भुसभुशीत उंडो, कोंडा लावलेली पोकळ पोई, आणि चहात बुडवायचं कडक कांकण. पाव जेझुइट पाद्र्यांनी आणला, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांतून सुरुवात झाली, यीस्ट नव्हतं म्हणून माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवलं, हे इथल्या शाळकरी पोराला पण माहीत असतं. आता बहुतेक भट्ट्यांत सूर जाऊन यीस्ट आलं पण जळणाची भट्टी अजून बऱ्याच ठिकाणी आहे आणि त्या विटांच्या भट्टीतून निघालेल्या उंड्याच्या पाठीवर जो कडकपणा येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. माझ्या मते ह्या पदार्थाला उंडोच पाहिजे. साधा पाव दुधात विरघळून जातो, शेवटी शिऱ्यासारखं काहीतरी हाताला लागतं. पोई पोकळ, तिचा कोंडा मधेमधे दाताखाली येतो, ज्यांना आवडतो त्यांना आवडू दे. उंड्याचा कडक पापुद्रा रात्रभर भिजूनसुद्धा आपला आकार सोडत नाही, चमच्याने तोडला की आत कस्टर्ड आणि बाहेर चिवट, चावायला काहीतरी राहतं.

आता करायचं कसं ते सांगते. कोणी विचारलं की मी फार तपशिलात शिरते पण इथे तपशीलच महत्त्वाचा आहे.

शुक्रवारच्या बाजारातून माडाचा गूळ आणायचा, काळाभोर, पिरॅमिडच्या आकाराचा, हाताला थोडा ओलसर लागणारा. उसाच्या गुळात आणि ह्याच्यात एवढा फरक आहे की एकदा ह्याची सवय झाली की दुसरा नुसताच गोड लागतो, ह्याला धुराचा वास असतो आणि मागे हलका खारटपणा. शनिवारी सकाळचे उंडे मोठे तुकडे करून दुपारभर उन्हात ठेवायचे, वर पातळ कापड घालून, मुंग्या आणि कावळे दोन्हीकडे लक्ष ठेवून. पाव कोरडा असेल तरच दूध पितो, ताजा पाव आधीच ओला असतो, तो काय पिणार. अर्धा किलो पावाला ६ अंडी आणि पाऊण लिटर दूध हे माझं माप. त्यातलं अर्ध्याहून जास्त नारळाचं दूध घेते, एक तर ती इथली चव, आणि दुसरं म्हणजे गुळाने गाईम्हशीचं दूध फाटायची भीती असते, नारळाच्या दुधात गूळ किंचित कोमट करून विरघळवला आणि गार करून मग अंड्यात मिसळला की तो प्रश्न येत नाही. गूळ पाऊण वाटी, गाळून घ्यायचा, खडे निघतात. वेलची, चिमूटभर मीठ, आणि जायफळ, जे फोंड्याकडच्या कुळागरांत माड-पोफळीच्या सावलीत पिकतं आणि बाजारात अख्खं मिळतं, ते तिथल्या तिथे किसून.

मग चिनीमातीच्या भांड्याला आतून भरपूर लोणी फासायचं, कडांना जास्त, कारण आच कडेची आहे. अर्धा पाव पसरायचा, वर पिकलेल्या मोयऱ्याच्या केळ्यांचे जाड काप. ही केळी हातभर लांब आणि कच्च्या खाण्यापेक्षा शिजवून जास्त खुलतात, म्हणूनच त्यांची फिगाड, म्हणजे केळ्याचं आटवलेलं गोड, होते. त्यावर उरलेला पाव, काजूचे तुकडे, आणि मग अंडी-दूध अगदी हळूहळू सगळीकडून ओतायचं. पावाचे तुकडे वर तरंगायला बघतात, तळव्याने दाबायचे. हाच क्षण मला सगळ्यात आवडतो. दाबलं की बोटांच्या फटीतून बुडबुडे निघतात, पाव आतली हवा सोडून दूध घेतोय हे हाताला कळतं, हळूहळू त्याचा विरोध कमी होतो, जड होतो, आणि एका वेळेला तो दाबल्यावर परत वर येत नाही. तेव्हा थांबायचं.

झाकण लावायच्या आधी भांड्यावर एक स्वच्छ सुती पंचा ताणून घालायचा आणि त्यावर झाकण, पंच्याची टोकं वर उचलून झाकणाच्या मुठीला बांधायची, खाली लोंबू द्यायची नाहीत. ह्या कुकरमधून वाफ बाहेर जात नाही, काचेला लागते, पाणी होते आणि थेंब थेंब खाली पडते. रश्श्याला ते चालतं, ह्याला नाही. पंचा ते पाणी पितो आणि वरचा थर कोरडा राहतो. आणि झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की आतली जी उष्णता जाते ती परत जमायला वीस मिनिटं तरी जातात. लोवर चार तास. आमच्या कुकरला टायमर आहे, चार तास झाले की तो आपोआप वॉर्मवर जातो, मी अकराला लावून झोपते आणि सकाळी सुरी मध्ये खुपसून बघते, स्वच्छ निघाली म्हणजे झालं. मात्र सगळं घालून ठेवायचं आणि टायमरने पहाटे सुरू करायचं, असं अजिबात करू नये. अंडी आणि दूध गोव्याच्या हवेत दोन तासांच्या वर नुसतं ठेवायची गोष्ट नाही, लगेच तापायलाच लागलं पाहिजे, आणि नंतर ६० अंशाच्या वरच राहिलं पाहिजे.

ह्याच कारणाने पावसाळ्यात मी हे रात्री करत नाही. जूनपासून रात्री लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही, आणि आपण झोपलेले असलो तर मधे किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नाही. सकाळी कुकरच्या डिस्प्लेवर आकडे लुकलुकताना दिसले तर आतलं सगळं फेकायचं, चव घेऊन बघायची नाही. जीव तुटतो, एवढे काजू, एवढा गूळ, पण फेकायचं.

हे यंत्र कोणी काढलं ते मी सहज शोधायला गेले आणि त्यात फार गुंतले. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाचा एक संशोधक होता, ज्यू कुटुंबातला. त्याची आई लिथुआनियातल्या विल्नियसची, तिने त्याला लहानपणची एक गोष्ट सांगितलेली. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू लोकांचा शब्बाथ लागतो, मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. तर शुक्रवारी दुपारी घराघरातून घेवडा, बार्ली, बटाटे, मांस घातलेलं भांडं घेऊन पोरं गल्लीतल्या बेकरीत जायची. बेकरीची भट्टी त्या दिवशीचं काम संपून विझायला ठेवलेली असायची, पण विटा तापलेल्या. त्या उरलेल्या धगीत रात्रभर सगळ्यांची भांडी शिजायची आणि शनिवारी घरोघरी गरम जेवण. चोलेंत म्हणतात त्याला. नॅक्सनने ती विझत्या भट्टीची धग एका विजेच्या भांड्यात बसवली, शिवाय उन्हाळ्यात ओव्हन लावून घर तापायला नको हाही विचार होता म्हणे. १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे त्याची कंपनी १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने घेतली आणि १९७१ मध्ये तेच भांडं क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं, नोकरीवर जाणाऱ्या बायकांच्या हातात पडलं आणि धडाधड खपलं.

मला त्यात पेटंटपेक्षा ती बेकरी जास्त भावली. कारण तशीच बेकरी मी इथे ऐकलेली आहे. आमच्या शेजारच्या आंटी सांगतात, त्यांच्या लहानपणी घरात ओव्हन कोणाकडे होता, नाताळच्या आधी केकचे, बातिकचे, म्हणजे रवा-खोबऱ्याच्या केकचे, ट्रे डोक्यावर घेऊन पोरं पोदेराच्या भट्टीवर रांग लावायची, पाव काढून झाले की मग आपला नंबर. कुठे विल्नियस आणि कुठे आमचा बार्देस तालुका. पण पाव भाजून झाल्यावर विटांत जी ऊब उरते ती वाया घालवायची नाही, ती गल्लीतल्या सगळ्यांची, हे दोन्हीकडच्या बायकांनी बरोबर ओळखलेलं होतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो पदार्थ मुळात अशासाठी निघाला की त्या सकाळी घरात कोणीही चुलीपुढे असू नये. नियम सगळ्यांना होता, बायकांनाही होता. आठवड्यातली एक सकाळ घरातली आई पण बसलेली, तिच्याही पुढे गरम जेवण, आणि पहाटे कोणी उठलेलं नाही.

हे वाचलं त्या दिवशी मला आमची आजी आठवली. करवीर तालुक्यातल्या तिच्या घरी गोवऱ्यांची एक बारीक शेगडी होती, राखेत अर्धवट पुरलेल्या गोवऱ्या, ज्वाळ नाही, धूर जेमतेम. सकाळची कामं आटोपली की आजी त्यावर म्हशीच्या दुधाचं मातीचं भांडं ठेवायची आणि शेतावर निघून जायची. संध्याकाळपर्यंत त्या दुधावर बोटभर जाड तांबूस साय धरलेली असायची, कडेला चिकटलेली साय खरवडून खायला आम्ही भांडायचो. त्या दुधाचा वास मला अजून नीट सांगता येत नाही, धूर, लोणी आणि थोडीशी जळलेली साखर, तिन्ही मिळून. आजीच्या दिवसात तेवढं एकच काम होतं जे तिच्याशिवाय व्हायचं. बाकी प्रत्येक कामाला ती लागायची. भाकरीला ती, आमटीला ती, गुरांना ती. दूध मात्र एकटं तापायचं.

पण म्हणून सगळंच यंत्रावर सोडावं असं मला वाटत नाही, आणि इथेच माझ्या मनात दोन बाजू होतात. शेजारच्या आंटी नाताळला बेबिंक करतात. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा, तूप, आणि एक थर वरून भाजून तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. सात थर म्हणजे सात वेळा वाट बघायची आणि प्रत्येक वेळी माणूस समोर पाहिजे. २०२३ मध्ये बेबिंकला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा आंटींना काय आनंद झाला होता, जसं काही त्यांच्याच घराला मिळाला. त्यांना मी एकदा म्हटलं की कुकरमध्ये काहीतरी जमवून बघूया का, तर त्या म्हणाल्या, नको, त्या दिवशी मी भट्टीपुढे बसते, सून बसते, नात बसते, आम्ही बोलतो. एकटीने करायला लागलं असतं तर केव्हाच सोडलं असतं. ते माझ्या मनात राहिलंय. काकींच्या तवसाळीपुढे कोण बसायचं? कोणीच नाही. घर झोपलेलं असायचं.

तवसाळी मी कुकरमध्ये केली. श्रावणात अंडं चालत नाही, तर दिवसा, लाईटवर लक्ष ठेवून, हळदीच्या पानांसकट. आत सुंदर शिजते, मऊ, रवाळ, कडा छान तांबूस. पण वरून फिकी राहते, कारण वरून आच नाहीच. निखाऱ्यांनी तिच्या डोक्यावर जो खरपूस पापुद्रा यायचा, जो चिरताना कुर्रकन वाजायचा, तो ह्यात येणार नाही. ती तवसाळी चांगली आहे पण ती काकींची नाही, आणि मी दोन्ही एकच आहेत असं कोणाला सांगणार नाही. काकींच्या तळव्यात जे होतं ते कुठल्याच बटणात नाही. मला फक्त एवढंच वाटतं की ते तळवे पहाटे चारला, एकटे, धुरात, रोज असायलाच पाहिजेत असं नव्हतं. सणाला बसले असते सगळ्यांबरोबर. बाकी दिवस झोपले असते.

पावाच्या गोडाने आमच्या घरात जे बदललं ते खाण्यापेक्षा बसण्यात बदललं. आधी रविवारी मी पोळे किंवा घावन घालायची, तव्यावरून एकेक थेट ताटात, आणि सगळ्यांचं होऊन मी बसेपर्यंत टेबलावर फक्त पेपर आणि रिकामे कप. कोणी उठून गेले म्हणून वाईट वागत होते असं नाही, घावन गरमच खायचं असतं. पण आता सगळ्यांना एकदम वाढलं जातं आणि मीही पहिल्या घासाला हजर असते. मुलाने कॉलेजमधलं काही सांगितलं तर ते मला दुसऱ्याकडून कळत नाही. नवरा हल्ली शनिवारी रात्री पाव कापून देतो, अंडी फेटतो, आणि मुलगा गूळ गाळतो, तो पण गाळताना अर्धा खातो. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात आम्ही तिघं असतो, ही वेळ आधी कोणाचीच नव्हती.

उरलं तर सोमवारी, उपास नसेल तर, जाड काप करून तव्यावर तुपात दोन्हीकडून परतायचे. वरून फिकं राहिल्याची सगळी भरपाई तिथे होते. मे महिन्यात त्याच्याबरोबर मानकुराद. आंबा आत घालू नका, पाणी सुटतं, बाजूला कापून ठेवा.

आंटींना बेबिंकसाठी कुकर नको होता, पण हे पावाचं गोड त्यांना एकदम पटलं. त्या म्हणाल्या, पोर्तुगालमध्ये नाताळला शिळा पाव दुधात-अंड्यात बुडवून तळतात, राबानादास, वर दालचिनी-साखर, त्यांच्या एका चुलतबहिणीने लिस्बनहून कधीतरी पाठवलेल्या फोटोत बघितलेलं. म्हणजे पाव पण तोच, नाताळ पण तोच, फक्त तळायला परत कोणीतरी उभं पाहिजे. गेल्या २४ डिसेंबरला त्या रात्री साडेनऊला माझा कुकर मागायला आल्या. मिडनाइट मासला घरातले सगळे जाणार, एरवी त्या किंवा सून आलेल्यांना काहीतरी गरम द्यायचं म्हणून लवकर निघून यायच्या. ह्या वेळी सगळे शेवटपर्यंत थांबले, दीड-दोनला परत आले, मलाही हाक मारली, आणि अंगणात मांडलेल्या नाताळच्या गोठ्यापाशी, चांदणीच्या कंदिलाखाली उभ्याउभ्या आम्ही खाल्लं. आंटींनी त्यात मनुका थोड्या फेणीत भिजवून घातल्या होत्या. मला ते फार आवडलं, आणि आता मीही घालते. ह्या नाताळला त्यांचे दुबईचे दोन्ही मुलगे येणार आहेत, तेव्हा माझा कुकर पुरायचा नाही. मुलांनाच सांगितलंय, येताना मोठा घेऊन या, सहा लिटरचा, आणि टायमर असलेला बघून घ्या.